एकच पिशवी

आमचा म्हातारा, ऑलिन, शिकारीला निघाला त्या सकाळी मी टेबलावर आठ पिशव्या काढून ठेवल्या होत्या. मांसाच्या पिशव्या, पातळ सुती कापडाच्या, मी स्वतः शिवलेल्या. हवा आतबाहेर खेळते पण माशी आत शिरत नाही, अशा. मूस म्हणजे घोड्याहून उंच हरीण, काही ससा नव्हे. चार तंगड्या, दोन्हीकडच्या बरगड्या, मान, पाठ, एवढं सगळं झाकायचं तर आठ लागतातच. ऑलिननं त्यातली एक उचलली, कोटाच्या खिशात कोंबली आणि बाकीच्या सात नीट घडी घालून माझ्याकडं सरकवल्या.

"एकीत काय आणणार आहेस? जीभ?" मी विचारलं.

"जरा नदीवर फिरून येतो," तो म्हणाला. "लाल बोरं दिसली तर आणीन तिच्यात."

आमच्यात हे असंच चालतं. मूस मारायला निघालो असं तोंडानं म्हणायचं नाही, नावेत पिशव्यांचा ढीग घालून जायचं नाही. मूसला सगळं ऐकू जातं, सगळं दिसतं. आधीच आठ पिशव्या घेऊन निघालेल्या माणसाला तो म्हणतो, बरा माजलाय हा, आणि रानात आत निघून जातो. मला हे लहानपणापासून ठाऊक आहे. पण इतर बायकांचे नवरे निदान तीन तरी नेतात, कोटाखाली लपवून. माझ्या नशिबी गावातला सगळ्यात सभ्य माणूस आला.

आणि ही काही रोजची शिकार नव्हती. आमचा वेस्ली मागच्या नोव्हेंबरात गेला. एकतीस वर्षांचा होता. बर्फावरच्या गाडीवरून, स्नोमोबाइलवरून, गोठलेल्या नदीनं खालच्या गावाला निघाला आणि कड्याच्या वळणावर बर्फ फुटून गाडीसकट पाण्यात गेला. वर्ष भरत आलं की आम्ही गेलेल्या माणसाचं निरोपाचं जेवण घालतो. नदीकाठची सगळी गावं येतात, गातात, नाचतात, आणि जेवणानंतर तो माणूस मोकळा होऊन पुढच्या वाटेला लागतो. हे जेवण एकदाच होतं. त्यात मूस लागतो, घरच्या माणसानं मारलेला, आणि दुकानातलं मांस तिथं चालत नाही. शिकारीच्या हंगामाचे शेवटचे पाच दिवस उरले होते. ऑलिनला सदुसष्ट चालू, डावा गुडघा कधीचा कामातून गेलेला. पण लेकाच्या जेवणाचा मूस तो दुसऱ्या कुणाला मारू देणार नव्हता, आणि मीही दे म्हटलं नाही.

खरं सांगायचं तर त्या वर्षात मी त्याला फारसं काहीच म्हटलं नव्हतं. चहा घे, लाकडं संपली, एवढंच. कारण तुम्हाला कळेल.

त्यात हवा बिघडलेली. सप्टेंबरच्या मध्याला आमच्याकडं, इतक्या उत्तरेला, सकाळी बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय धरते. अशा हवेत मांस झाडाला टांगलं की आठवडाभर बघायला नको. त्या वर्षी दुपारी वीस अंश. माश्या अजून मेल्या नव्हत्या. म्हातारी माणसं दारात बसून आभाळाकडं बघायची आणि मान हलवायची.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्वयंपाकघरातला रेडिओ खरखरला. आमच्याकडं घरोघरी, नावेनावेत हे बोलायचे रेडिओ आहेत. एकजण बोलला की सगळी नदी ऐकते, त्यामुळं कुणाच्या पोटात काय दुखतंय तेही सगळ्यांना माहीत असतं. ऑलिनचा आवाज आला. धापा टाकत होता. त्याच्या तळावरून रेडिओ लागत नाही, मागची टेकडी चढावी लागते.

"एडविना, इकडं बरंय," तो म्हणाला. "ऊन आहे. डोमकावळे बरेच आहेत. तुझं शिवणकाम कसं चाललंय?"

मी म्हटलं, "चाललंय." आणि बटण सोडलं. मनात म्हटलं, लेकाचं जेवण तोंडावर आलंय आणि हा माणूस टेकडी चढून कावळे मोजतोय. चाळीस वर्षं संसार केलाय त्याच्याशी. डोमकावळे कशावर जमतात हे मला कळायला नको होतं? शिवणकाम म्हणजे पिशव्या, हे कळायला नको होतं? पूर्वी त्यानं नुसतं खाकरलं तरी कळायचं. वर्षभरात मी त्याचं ऐकणंच सोडून दिलं होतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारची पर्ल माझ्याकडं बसली होती. पर्ल माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, कंबर मोडलेली, तोंड शाबूत. तिचा नवरा, मुलं, गावातले झाडून सगळे पुरुष नावा घेऊन नदीनं वर गेलेले, दोन दिवसांच्या वाटेवर. एकटा ऑलिन तेवढा खाली गेला होता. पुन्हा रेडिओ वाजला, पुन्हा तीच धाप.

"एडविना, आज कालच्याहून ऊन आहे. माश्या खुशीत आहेत. माझा गुडघा जरा बोलतोय. तिकडं कुणी रिकामं बसलं असेल तर नदीवर फिरायला हवा चांगली आहे."

पर्लनं कप खाली ठेवला. "ऊठ," ती मला म्हणाली. "मोठा पडलेला दिसतोय. आणि निदान कालपासून पडलाय. तुझा नवरा मांसावर बसून माश्या हाकलतोय."

मलाही कळलं होतं. ह्या खेपेला अक्षर न् अक्षर कळलं. आणि कळल्याबरोबर माझ्या डोक्यात तिडीक गेली. आता हे सांगताना लाज वाटते, पण सांगते. मी रेडिओ तोंडाशी धरला आणि म्हटलं, "काय हवंय ते सरळ सांग. मला कोडी कळत नाहीत. वेस्लीलाही कळली नव्हती."

सगळी नदी ऐकत होती. वरच्या तळांवर पन्नास माणसं ऐकत होती. पर्ल माझ्याकडं बघत राहिली आणि मग तिनं मान खिडकीकडं वळवली.

गोष्ट अशी होती. वेस्ली निघाला त्या सकाळी ऑलिन इथंच, ह्याच टेबलापाशी चहा फुंकत बसला होता. तो म्हणाला, "काल कड्याखाली वाफ दिसत होती." वाफ म्हणजे खाली बर्फ पातळ, उघडं पाणी जवळ. म्हणजे त्या वाटेनं जाऊ नकोस. पण जाऊ नकोस असं मोठ्या माणसाला तोंडावर सांगायचं नसतं. तो काय लहान आहे का? आमच्यात दिसलं ते सांगतात आणि ऐकणारा आपल्या अकलेनं काय ते ठरवतो. वेस्ली हसला, म्हणाला, "थंडीच आहे तशी," आणि टोपी घालून गेला. वर्षभर ती वाफ माझ्या छातीत बसली होती. एक शब्द, म्हाताऱ्या. सरळ एक शब्द बोलला असतास तर.

रेडिओ तसाच हातात होता. मला वाटलं, टेकडी उतरून गेला. मग आवाज आला. ह्या खेपेला धाप नव्हती.

"एडविना. मी मूस मारलाय. मोठा आहे. परवा संध्याकाळी मारला. पिशवी एकच आणली, चूक झाली. मागची एक तंगडी टांगताना गुडघा वळला, दुसरी मला उचलून टांगता येत नाही. रात्री थंडी पडते तेवढ्यावर तगलंय. उद्या दुपारपर्यंत नाही आलीस तर पोराच्या जेवणाचं मांस नासेल. मला तू हवी आहेस. ये."

चाळीस वर्षांत मी ह्या माणसाच्या तोंडून एका दमात एवढं ऐकलं नव्हतं. मोठा आहे, हे तो सगळ्या नदीसमोर म्हणाला होता. आमच्यात असं बोललेल्याला पुढं मूस तोंड दाखवत नाही म्हणतात. त्याला ते पुरतं ठाऊक होतं.

मी म्हटलं, "येते."

पर्ल डोळे पुसत म्हणाली, "माझ्या नवऱ्यानं मला लग्नातसुद्धा ये म्हटलं नव्हतं. जवळ सरकून बसला होता नुसता."

आता नाव. गावात एकच उरली होती, वेस्लीची. काठावर पालथी पडलेली, वर्षभर मी कुणाला हात लावू दिला नव्हता. आणि मी स्वतः त्या नोव्हेंबरापासून नदीत पाऊल टाकलं नव्हतं, घरचं पाणीसुद्धा पर्लची नात आणून द्यायची. पहाटे फटफटल्यावर मी आणि दोघीतिघी बायकांनी नाव सुलटी केली, पाण्यात ढकलली. पर्लनं काठावरून मिरीचा डबा आणि हाडं कापायची करवत दिली. मी सात पिशव्या कोरड्या रहाव्यात म्हणून अंगात, सदऱ्याखाली घातल्या. फळीखाली वेस्लीचा एक हातमोजा सापडला, डाव्या हाताचा. तो तिथंच राहू दिला. इंजिन चौथ्या झटक्याला लागलं.

कड्याचं वळण गावापासून तासाभरावर आहे. खाली जाताना कडा डाव्या हाताला येतो, पाणी तिथं काळं आणि खोल. मी तिकडं बघायचंच नाही असं ठरवलं होतं. नाव उजवीकडं, पार उजवीकडं घेतली आणि मान त्याच बाजूला ठेवली. अर्थातच वाळूत रुतले. उजवीकडं वाळू आहे हे गावातल्या शेंबड्या पोराला माहीत आहे. मांडीएवढ्या पाण्यात उतरून नाव ढकलता ढकलता मी नदीला, मूसला, ऑलिनला, वेस्लीला, सगळ्यांना नावं ठेवून घेतली. तेवढ्यात सूर्य झाडांच्या वर आला, आणि पाठीला ऊब लागली तशी मी आणखी जोरानं ढकलायला लागले. त्या उन्हात मला उगाच माश्यांचा आवाज ऐकू येत होता.

तळावर पोचले तेव्हा दहा वाजून गेले असतील. आधी धूर दिसला, मग ऑलिन. गंजीफ्रॉकवर उभा होता, हातात स्प्रूसच्या झाडाची फांदी, डोळे धुरानं लाल. अंगातला सदरा कुठं गेला ते लगेच कळलं. सदरा पुढच्या तंगडीला घातला होता, बाह्यांची गाठ मारून. दुसऱ्या तंगडीला पांघरुणाची खोळ. तंबूचं कापड फाडून बरगड्यांना गुंडाळलेलं. आणि माझी ती एकुलती एक पिशवी त्यानं मागच्या मोठ्या तंगडीवर चढवली होती, जिथं माश्या आधी बसतात तिथं.

"चहा आहे," तो म्हणाला.

"चहा घाल चुलीत," मी म्हटलं. "आधी मांस दाखव."

म्हाताऱ्यानं काम मात्र चोख केलं होतं, माझ्यानं खोटं बोलवणार नाही. मारल्या मारल्या कातडं काढलेलं, नाहीतर आतली गरमी आतच कोंडते. पॉप्लरच्या दोन झाडांमध्ये आडवी बल्ली बांधून, सावलीत, एकाला दुसरं लागणार नाही असे तुकडे टांगलेले. रात्री सगळं उघडं करून थंडी लागू द्यायची, उजाडलं की पुन्हा झाकायचं, असं त्यानं तीन रात्री जागून केलं होतं. खाली ओल्या वाळुंजाची धुमी. मांसावर काळसर, कोरडी खपली धरलेली. बोटानं दाबली तर कागदासारखी वाजली. अशी खपली धरली की आतलं मांस राखलं जातं.

पण दुसरी मागची तंगडी जमिनीवर होती. दीड मण वजन, एका गुडघ्याच्या माणसाला कुठून उचलवणार? वाळुंजाच्या फांद्यांचा हातभर उंच बिछाना करून त्यानं ती वर ठेवली होती, खालून हवा जावी म्हणून. अधूनमधून तिची कूस बदलत होतो म्हणाला, तान्ह्या पोराची बदलतात तशी. मोठ्या तंगडीत मांस हाडापाशी आधी आंबतं. बाहेरून सगळं गोमटं दिसतं आणि आत खुब्यापाशी घाण सुटलेली असते. तसलं मांस जेवणात घालून आलेली सगळी गावं आजारी पाडायची, वेस्लीच्या नावानं, हा विचारसुद्धा मला सहन होईना. आणि ती तंगडी वगळली तर जेवण पुरणार नव्हतं.

मी सुरी घेतली, धुतली, हाडाच्या कडेनं मुठीपर्यंत आत घातली आणि बाहेर काढून नाकाशी धरली. ऑलिन माझ्या तोंडाकडं बघत होता.

मी डोळे मिटून पुन्हा वास घेतला. नुसतं मांस. स्वच्छ, थोडं गोडसर, बाकी काही नाही.

"चांगलं आहे," मी म्हटलं.

तो तिथंच फांद्यांवर बसला. मग बघितलं तर त्यानं ती तंगडी आतल्या अंगानं हाडापर्यंत चिरली होती आणि चीर मिटू नये म्हणून साल काढलेल्या काड्या आडव्या खोचल्या होत्या. त्यामुळं तिचा खुबा वाचला होता. मान मात्र गेली होती. तिचा हिरवट वास दुरूनच आला. ती आम्ही लांब नेऊन डोमकावळ्यांना दिली, आणि ऑलिन मूसला हळूच काहीतरी बोलला. माफी मागितली असणार. मी ऐकायला गेले नाही.

मग दोघं कामाला लागलो. जमिनीवरची तंगडी करवतीनं दोन केली, माश्या बसू नयेत म्हणून मांसाला मिरी चोळली, पिशव्या चढवल्या. एकेका पिशवीचं तोंड मी धरायचं, तुकडा त्यानं आत सोडायचा. चौथ्या पिशवीला तो मान खाली घालून म्हणाला, "मला वाटलं त्याला कळेल. माझा बाप नुसतं नदीकडं बघायचा, मला कळायचं."

मी पिशवीचं तोंड आणखी ताणून धरलं.

"मी म्हणायला हवं होतं," तो म्हणाला. "जाऊ नकोस. दोन शब्द. रोज रात्री म्हणतो. आता म्हणून काय उपयोग."

माझ्या हातात पिशवीचं तोंड होतं. ते सोडता येत नव्हतं, नाहीतर मी उठून गेले असते. वर्षभर मी हेच त्याच्या तोंडून ऐकायची वाट बघत होते. ऐकलं की मला बरं वाटेल असं वाटायचं. बरं वाटलं नाही. उलट मी कधी स्वतःशीसुद्धा बोलले नव्हते ते तोंडातून बाहेर पडलं.

"मला कळलं होतं," मी म्हटलं.

त्यानं वर बघितलं.

"त्या सकाळी. मी चुलीपाशी पोळ्या तळत होते. तू वाफ म्हणालास ते मला कळलं होतं. त्याला कळलं नाही हेही कळलं होतं. मी त्याच्या हातात गरम पोळी दिली, ऑलिन. वाटेत खा म्हटलं. मलाही तोंड होतं."

मला वाटलं, आता हा म्हणेल, आणि वर्षभर मला बोल लावलास? त्याचा हक्क होता. त्यानं हातातला तुकडा हळूच पिशवीत सोडला, पिशवीचं तोंड माझ्या हातातून घेतलं आणि गाठ मारली. मग रक्तानं माखलेल्या हातानं माझं मनगट धरलं आणि धरूनच ठेवलं. मी रडले. तोही रडला. माश्या आल्या तेव्हा एका हातानं फांदी हलवत होता.

नाव भरली. तळाला फांद्या, वर पिशव्या, एकीवर एक नाहीत, मध्ये हवेला जागा. त्याची छोटी नाव मागं दोरानं बांधली. प्लास्टिकची ताडपत्री मी मुद्दाम आणली नव्हती. तिच्याखाली मांस घामेजतं आणि नासतं. ऑलिन पुढं बसला, पाय लांब करून, अंगात माझा स्वेटर, बाह्या कोपरापर्यंतच पोचलेल्या. नाव मी चालवत होते. ऊन उतरत होतं आणि चालत्या नावेत वारा गार लागत होता. मांसाला असाच वारा हवा असतो.

कड्याचं वळण आलं. परतीला कडा उजवीकडं येतो. मी नकळत डावीकडं वळवायला लागले, वाळूच्या अंगाला, नाव जड आहे हे विसरून. रुतलो असतो तर दोघांच्यानं नाव निघाली नसती.

ऑलिन वळून बसला. चाळीस वर्षांत त्यानं मला नाव कशी चालव, चूल कशी पेटव, काही म्हणून सांगितलं नव्हतं. तो सांगेल ती वाट वेस्ली बुडाला त्याच पाण्यावरून जात होती, हे मला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं.

"उजवीकडनं घे, एडविना," तो म्हणाला. "कड्याला धरून. तिकडं खोल आहे. मी सांगतोय."

"घेते," मी म्हटलं, आणि घेतली.